पाणी कुठे मुरतंय?

॥ श्री ॥
५ जानेवारी

चि. भावोजींना,

देवापुढे दिवा लावून तशीच लिहायला बसले आहे, तेव्हा आशीर्वाद ताजे आहेत, ते आधी घ्यावेत. फोन यांच्या खुर्चीला खेटून असतो आणि मला हे यांच्या कानावर घालायचं नाही, म्हणून पत्र. पाठकोरे कागद वापरले आहेत, रागावू नका. कोरा कागद फुकट घालवायला माझा हात धजत नाही.

विषय गाडीचा. गेल्या वर्षी तुम्ही तुमची जुनी गाडी आम्हाला दिलीत, तेव्हा मी सगळ्या गल्लीत सांगून आले की दीर असावा तर असा. अजूनही तेच सांगते. पण भावोजी, ही गाडी पाणी पिते. सकाळी बघावं तर टाकीतलं पाणी खाली गेलेलं, आणि शेडमधली फरशी मात्र कोरडी ठणठणीत. मी रद्दी अंथरून पाहिली, एक डाग नाही. आधी शेजारच्यांवर संशय घेतला. मग माझं मलाच हसू आलं, गाडीतलं पाणी चोरून कुणी चहा करणार आहे का! पुढे सायलेन्सरमधून पांढरी वाफ यायला लागली, गाडी तापली तरी थांबेना. तिला वासही गोडसर.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. काम करताना शीळ घालतो म्हणून त्याला सगळे ‘शिट्टी’च म्हणतात. त्याने तेलाचं झाकण काढून आत बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटाला साईसारखं पांढरट काहीतरी.

“काकू, हेड गेलंय.”

“कुणाचं?”

“गाडीचं हो! म्हणजे हेड नाही, हेडखालचं गॅस्केट. कुकरची रिंग असते ना, तसं समजा. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं झाकण यांच्यामध्ये ते दाबून बसवलेलं असतं. जाळ, पाणी आणि तेल एकमेकांत मिसळू देत नाही. ते फाटलं, की पाणी जाळात जातं आणि वाफ होऊन मागून निघून जातं. जमिनीवर थेंब पडणार कुठून?”

इथवर ठीक. मग त्याने आवाज बारीक केला. “एक बोलू? हे इंजिन आधी उघडलेलं आहे. बघा, सगळं जुनाट, आणि हे बोल्ट तेवढे चकचकीत. गाडी ज्यांनी दिली त्यांना विचारा.”

मी कुणावर आळ घेत नाही. पण तुम्ही अख्खी नोकरी बसडेपोच्या वर्कशॉपात काढलीत. घरच्या गाडीचं दुखणं तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मन मानत नाही. सांगायचं काही राहून गेलं असेल तर आता सांगा.

यांना यातलं काही बोललेले नाही. लेकीच्या लेकीला शाळेत सोडायचं आणि आणायचं, हेच आता त्यांचं ऑफिस. गाडी बंद पडली तर माणूस बंद पडेल. बाकी यांचं बरं आहे. निवृत्तीनंतर माझ्यावर भारीच जीव बसलाय. वर्तमानपत्रसुद्धा माझ्याकडून वाचून घेतात, म्हणतात तुझ्या आवाजात बातमी बरी वाटते. उशिरा का होईना, देवाने ऐकलं.

धाकटीला आशीर्वाद.

तुमची वहिनी

ता. क. दादांचे आशीर्वाद आहेतच.


१४ जानेवारी

ती. वहिनींना,

नमस्कार करतो, पण या वेळी जरा लांबूनच. जवळ यायची भीती वाटते.

‘सांगायचं काही राहून गेलं असेल तर.’ वाक्य तीनदा वाचलं. धाकटी म्हणाली, “वहिनी साखरेत घोळून मिरची देतात.” मी म्हटलं, मिरची आहे हे कबूल, साखर कुठे दिसली तुला?

तर ऐका. तुमचा शिट्टी खोटं बोलत नाही. इंजिन आधी उघडलेलं आहे, मीच उघडलं होतं. गाडी दादाकडे जाणार म्हटल्यावर मी चार रविवार त्या इंजिनात घातले. जुनं गॅस्केट फाटलेलं नव्हतं, पण म्हातारं झालं होतं. पुढे त्रास नको म्हणून नवं घातलं, आणि नव्या गॅस्केटला बोल्ट नवेच लावतात. बोल्ट चकचकीत आहेत ते त्यामुळे. सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर दादा म्हणाला असता, दुरुस्त केलेला माल भावाच्या गळ्यात मारतोस! आता तेच तुम्ही म्हणताय. म्हणजे चुकलं ते माझं गप्प बसणं, गाडी नव्हे.

आता माझा प्रश्न. नवं गॅस्केट वर्षभरात फाटतं कसं? ते आपोआप जात नाही, त्याला घालवावं लागतं. आणि घालवायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे इंजिन तापू देणं. पंखा फिरला नाही, रेडिएटर गाळाने भरला, पाण्याचा पंप थकला, कारण काहीही असो, तापलेली गाडी तशीच हाकली की वरचं हेड फुगतं, वाकतं, आणि मधलं गॅस्केट चिरडतं. गाडीत त्यासाठीच काटा दिलेला आहे. या जुन्या मॉडेलला लाल दिवा नाही, घंटी नाही, नुसता काटा. तो मध्याच्या वर सरकला की गाडी बाजूला घ्यायची आणि बंद करायची. बस, एवढंच. दादाने काटा वर गेलेला कधी पाहिला होता का, विचारा.

आणि तुम्ही विचारलंत म्हणून मीही विचारतो. वर्षभरात दादाचं अक्षर मी पाहिलेलं नाही. पत्र येतं ते तुमच्या हातचं, भाषा तुमची, काटकसर तुमची, आणि शेवटी एका ओळीत ‘दादांचे आशीर्वाद आहेतच’. पूर्वी दादाची पत्रं चार-चार पानं असायची. फोनवरही ‘बरा आहे’ म्हणतो आणि तुमच्याकडे देतो. तो माझ्यावर रागावलाय का? की कुणी लिहू देत नाही?

वहिनी, तुमच्याकडे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि ते फक्त इंजिनात नाही.

तुमचा दीर


॥ श्री ॥
१८ जानेवारी

भावोजी,

आशीर्वाद आहेत, कारण ते परत घेता येत नाहीत.

मी नवऱ्याचा हात धरून ठेवलेला नाही. लिहायला कंटाळतात, म्हणून मला सांगतात आणि मी लिहिते. ‘तूच लिही, तुला माहीत आहे काय लिहायचं ते.’ यात कुणाचं काय मुरलं? आमच्या घरात पाणी नळाला येतं आणि पिंपात राहतं, मुरत कुठेच नाही.

तुमच्या सांगण्यावरून यांना काट्याचं विचारलं. म्हणाले, “काटा कायम मध्यावर असतो. छोट्याला सांग, तू जन्मायच्या आधीपासून मी गाडी चालवतोय.” आता यांनी खोटं सांगितलं असं म्हणायचं असेल, तर पुढच्या पत्रात स्पष्ट म्हणा.

पाणी कमी झालं की मी रोज नळाचं भरून घालत होते. दुकानातलं ते हिरवं पाणी महाग, आणि शेवटी पाणी ते पाणी.

शिट्टीने परवा नवं गॅस्केट बसवलं. संध्याकाळपर्यंत गाडी तयार. विषय संपला. चकचकीत बोल्टांचं तुम्ही सांगितलंत ते खरं धरते. खरं आहे असं म्हणत नाही, धरते.

वहिनी


२९ जानेवारी

ती. वहिनींना,

तुम्ही विषय संपवलात, पण गाडीने संपवलेला नाही. म्हणून राग बाजूला ठेवून लिहितो, तुम्हीही तसंच वाचा.

संध्याकाळपर्यंत गाडी तयार झाली याचीच मला धास्ती वाटते. कुकर कोरडा जळून झाकण वाकलं, तर नवी रिंग घालून उपयोग होतो का? बाजूने वाफ जाणारच. तसं हेड आधी सपाट आहे का ते पट्टी लावून बघावं लागतं, नसेल तर घासायला पाठवावं लागतं. बोल्टही दिसेल तो आवळायचा नसतो. मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने. एक कोपरा जास्त आवळला गेला की दुसऱ्या कोपऱ्यातून फुटतं. हे सगळं शिट्टीने केलं असेल, मी त्याच्यावर आळ घेत नाही (हे वाक्य तुमच्याकडून शिकलो). पण गाडी कशामुळे तापली, हे त्याने शोधलं? कारण तेच राहिलं असेल, तर हेही गॅस्केट जाईल.

नळाचं पाणी घालू नका. त्यातला क्षार आत धरतो, तुमच्या पाणी तापवायच्या भांड्याला तळाशी धरतो तसा, आणि वाटा बुजतात. ते हिरवं पाणी उशिरा उकळतं आणि आत गंज चढू देत नाही. महाग आहे, पण इंजिनापेक्षा स्वस्त. आणि गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका, तोंड भाजेल.

एक काम करा. एकदा दादाच्या शेजारी बसा. शाळा सुटायच्या वेळी जा, तिथे गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात, इंजिन तापतं ते तिथेच. काही बोलू नका, नुसता काटा बघा. वर जायला लागला तर काहीतरी निमित्त काढून गाडी थांबवा.

दादाला मी खोटं ठरवत नाही. पण काटाही खोटं बोलत नाही.

तुमचा दीर

जाऊबाई, मी धाकटी. हे जेवताना ताटात गॅस्केटची चित्रं काढतायत. तुमचं भांडण लवकर मिटवा, नाहीतर माझंच हेड जाईल. आणि मिरचीचं मी म्हटलं होतं, पण हे पत्रात लिहितील असं वाटलं नव्हतं. लहान जाऊ म्हणून पोटात घाला.


॥ श्री ॥
११ फेब्रुवारी

चि. भावोजींना,

आशीर्वाद, मनापासून.

हे पत्र घरात लिहिलेलं नाही. देवळाच्या पायरीवर बसून लिहिते आहे. उठायला लागलं तर अर्धवट राहील, म्हणून आधीच सांगते, तुमची गाडी निर्दोष आहे. मीही नाही म्हटलं तरी निर्दोष आहे. आता वाचा.

तुमच्या सांगण्याप्रमाणे परवा शाळेच्या वेळी यांच्या शेजारी बसले. यांना नवल वाटलं. “आज काय, माझ्यावर पाळत?” मी म्हटलं, भाजी घ्यायचीय. नातीला घेऊन निघालो, तर शाळेच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली. काटा मध्यावर होता. मग थोडा वर. मग आणखी वर. रांग हलेना. काटा लाल पट्टीत शिरला. मी नुसतं विचारलं, “अहो, काटा कुठंय?”

यांनी समोर एक नजर टाकली आणि म्हणाले, “मध्यावर.”

भावोजी, तोंडावर खोटं! माझ्या डोक्यात काय काय आलं, लिहायलाही लाज वाटते. वाटलं, गाडी मुद्दाम मारतायत. वाटलं, शिट्टीशी काही संगनमत आहे. वाटलं, दोघे भाऊ मिळून मला वेड्यात काढताय. “मला इथेच उतरायचंय, उलटी होतेय,” असं म्हणून गाडी बाजूला थांबवली. बोनेटखाली वाकून पाहिलं, इंजिन तापून धापा टाकतंय आणि पंखा जागच्या जागी गप्प. मग गाडी बंद करवली. तुम्ही म्हणालात ते कारण तिथे होतं. शिट्टीने गॅस्केट बदललं, पंख्याकडे बघितलंच नव्हतं. नात मागच्या सीटवर दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती. तिला कडेवर घेतली आणि चालत घरी आणली. गाडी निवल्यावर हे मागाहून घेऊन आले.

पण माझं मन पंख्यावर थांबेना. पंखा बिघडू शकतो, माणूस खोटं का बोलतो? मी ठरवलं, चोर रंगेहात पकडायचा. काल सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा कॅलेंडरच्या जुन्या पानाचा तुकडा फाडला, खळ लावली आणि त्या काट्याच्या काचेवर चिकटवला. काटा पूर्ण झाकला. म्हटलं, आता गाडीत बसले की ओरडतील, हे काय चिकटवलंस म्हणून. मग मी विचारीन, कागद दिसतो, तर काल लाल पट्टीतला काटा कसा नाही दिसला?

हे येऊन बसले. मी शेजारी. गाडी शेडमधून अंगणात आणली. ओरडले नाहीत. मी वाट बघते आहे. शेवटी विचारलं, “काटा कुठंय?”

मान खाली घालून नीट पाहिलं यांनी. त्या कागदाकडे. आणि म्हणाले, “मध्यावर आहे गं. का सारखी घोकत बसतेस?”

माझा हात दाराच्या मुठीवर होता, तो तसाच राहिला. खोटं बोलणारा माणूस कागद बघून दचकला असता. यांना कागद दिसलाच नाही.

मग एकेक आठवलं. वर्तमानपत्र, ‘तुझ्या आवाजात बरं वाटतं.’ पत्रं, ‘तूच लिही.’ बल्ब मिणमिणता आहे म्हणून दुकानदाराशी भांडण. चहा कपाबाहेर ओतणं, आणि मी धांदरट म्हणून बोलणं. तुम्ही म्हणालात, लिहू देत नाही. मी म्हटलं, लिहायला कंटाळतात. आणि मी, घरातली साखर किती उतरली हे डब्याच्या वजनावरून ओळखणारी बाई, मला वाटलं म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.

तुमचं बोलणं खरं ठरलं. पाणी मुरतच होतं. मी आणि तुम्ही एकमेकांची घरं खणत बसलो.

आणि त्या मागच्या सीटवर रोज नात बसते. देवाने राखलं. पण देवाला रोज राखायला लावणं बरं नव्हे.

नातीला लेकीनेच सोडायचं ठरवलंय, गाडी नादुरुस्त म्हणून. यांना अजून विचारलेलं नाही. विचारलं तर घरात आणखी एक भिंत उभी राहील. मला सुचत नाही. तुम्ही सांगा.

वहिनी


१५ फेब्रुवारी

ती. वहिनींना,

पत्र मिळालं. मी शनिवारी येतोय. दादाला सांगा, छोट्या गाडी बघायला येतोय, इतकंच. तोवर गाडी शेडमध्येच. पंखा बंद पडलाय म्हणा, ते खोटंही नाही.

दादा का बोलला नाही, ते मला माहीत आहे. तुमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. आमच्या आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि होती ती दृष्टीही गेली. त्यानंतर आबांना हाताला धरून फिरवायचं काम दादाचं. मी लहान होतो, मला फिरायला जाणं म्हणजे मजा वाटायची. दादाला ती मजा नव्हती. तो डोळ्यांच्या डॉक्टरची पाटी दिसली तरी रस्ता बदलतो. तुम्हाला कधी जाणवलं नसेल.

आता काळ बदललाय. धाकटीच्या वडिलांचा मोतीबिंदू गेल्या वर्षी काढला, दुसऱ्या दिवशी ते मलाच म्हणाले, जावईबापू, तुम्ही बरेच काळे आहात की. दादाचं काय आहे ते डॉक्टर बघतील. पण इंजिनाचा नियम इथेही लागू आहे. काटा वर गेल्यावर थांबलं तर गॅस्केट वाचतं. तसंच हाकत राहिलं तर हेड जातं.

किल्ली लपवू नका. तो शोधेल आणि त्याला दिसणार नाही, आणि ते त्याला तुमच्यासमोर कळेल. तसं नको. किल्ली मी मागून घेईन.

तो कागद काढू नका, राहू दे. मला बघायचाय.

मिरचीसकट नमस्कार.

तुमचा दीर


२ एप्रिल

चि. छोट्या,

अनेक आशीर्वाद. या वेळी एका ओळीत नाहीत, अख्ख्या पत्रात आहेत.

अक्षर ओळखलंस का? ओळी जरा वर चढतात, पण एकाच डोळ्याने लिहितोय हे ध्यानात घे. दुसऱ्याचा नंबर पुढच्या महिन्यात लागेल. डॉक्टर म्हणाले, दोन्हीत मोतीबिंदू चांगला पिकला होता, इतके दिवस चालवलंत कसं? मी म्हटलं, अंदाजाने. तुझी वहिनी बाहेर बसली होती, तिने ऐकलं. घरी आल्यावर जे काय ऐकवलं ते तू मिरची-साखर लावून समजून घे.

तू आलास, किल्ली मागितलीस, म्हणालास, “दादा, हेड वाकलंय, घासायला न्यायला हवं, तोवर गाडीला विश्रांती.” आणि माझ्याकडे बघत राहिलास. मी तेव्हा ओळखलं, कुणाच्या हेडबद्दल चाललंय ते. किल्ली दिली तेव्हा माझा हात तुझ्या हातावर पडायच्या आधी हवेत चाचपडला. तू काही बोलला नाहीस. त्याबद्दल तू लहानपणी ढापलेल्या माझ्या सगळ्या कोयी-गोट्या माफ.

आबांची भीती होती, तुझं खरं. पण त्याहून मोठी भीती, नात विचारील, आजोबा आता का नाही सोडत? तिला मी परवा खरं ते सांगितलं. ती म्हणाली, मग आता मी तुमचा हात धरून चालत नेते शाळेत. आम्ही चालतच जातो. ती माझा हात धरते. रस्ता ओलांडताना मी तिचा धरतो. मला आता पलीकडची पाटीही वाचता येते, पण ते तिला सांगितलेलं नाही.

आज शेडमध्ये गेलो. तू पंखा बसवलास, हिरवं पाणी भरलंस, सगळं पाहिलं. चालवणार नाही, दुसरा डोळा होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत तर नाहीच. नुसता बसलो. आणि काय बघतो, काट्याच्या काचेवर कॅलेंडरचा तुकडा चिकटवलेला. पक्की खळ. त्यावर कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘दूध आलं नाही.’

घरात येऊन तुझ्या वहिनीला विचारलं, गाडीत हा कागद कुणी लावला? ती देवघरात होती. मागे वळली नाही. म्हणाली, “मला काय ठाऊक? तुमच्या भावाने लावला असेल.”

छोट्या, अक्षर तिचं आहे. खळ तिची आहे. दूध आमचं आलं नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरतंय.

तुझा,
दादा